पावणेनऊचा फोन

शंकासुराने अँटेना फिरवून काढला, टेबलावर ठेवला, आणि पडद्यावरचं शून्य जागचं हललं नाही.

“आता बोला,” तो म्हणाला. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण चाचणी विभागात त्याला सगळे शंकासुरच म्हणत आणि त्यालाही ते मनातून आवडत असावं. ती, ही बिनतारी पेटी बनवणारी इंजिनियर, पडद्याकडे बघत राहिली. दारात साहेब उभे होते, हातात चहाचा कागदी पेला, तोंडाशी नेता नेता थांबलेला. अँटेना म्हणजे पेटीचा कान. कान काढून टेबलावर ठेवलाय आणि पेटी ठणकावून सांगतेय, मला सगळं स्वच्छ ऐकू येतंय, चुका शून्य. तीन आठवडे हेच शून्य दाखवून पेटीने सगळ्यांची शाबासकी घेतली होती. कारखान्याच्या छताखालून धावणाऱ्या क्रेनला बिनतारी हुकूम पोचवायचे, खाली दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि ठिणगी उडाली की हवेत असा गोंगाट उठतो की हुकमातले चार आकडे गळतात, चार उलटे होतात. इंजिनियर म्हणून तिचं काम त्या गोंगाटातून हुकूम धड पोचवण्याचं. हुकमाच्या आकड्यांबरोबर जास्तीचे आकडे असे ओवायचे, की वाटेत काही गळाले तरी उरलेल्यांवरून गळालेले कोणते ते पलीकडच्या पेटीला कळावं. वर ते सलग पाठवायचे नाहीत, लांब लांब पांगवायचे, म्हणजे एका ठिणगीने अख्खा हुकूम न खाता दहा हुकमांतला एकेक आकडा खाल्ला तर तो भरून काढता येतो. सतरा वर्षं ती हेच करत होती. तरी वेल्डिंगच्या शेडमध्ये शून्य चुका म्हणजे जरा अतीच झालं, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. आलं शंकासुराच्या.

पेटीत एक सोय असते, घरच्या घरी तपासून बघायची. ती चालू केली की पेटी स्वतःच पाठवलेलं स्वतःलाच ऐकवते, हवेत काही जातच नाही. दुरुस्तीनंतर ही सोय चालू करायची, सगळं जागेवर आहे ना बघायचं, आणि आठवणीने बंद करायची. दुरुस्तीच्या नोंदवहीत शेवटची सही तिची होती. “म्हणजे तीन आठवडे ही पेटी,” साहेब सावकाश म्हणाले, “आपलं आपल्याशीच बोलत होती?” “आणि आपल्याच बोलण्याला मान डोलवत होती,” शंकासुर म्हणाला. क्रेन अजून जुन्याच केबलवर चालत होती म्हणून कुणाचं डोकं फुटलं नाही. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चहा प्यायला, निवलेला, आणि “नवीन चाचणी कधी सुरू करताय ते कळवा” म्हणून निघून गेले. हात दाखवून अवलक्षण तरी कुणी म्हणावं, तर हात तिने दाखवलाही नव्हता. तिने ती सोय बंद केली. पडद्यावरचा आकडा क्षणभर चाचरला आणि मग भराभर वाढायला लागला, चाळीस, नव्वद, दोनशे, कान नसलेल्या पेटीला शोभेल असा. तो वाढताना बघून तिला, कशाला खोटं सांगा, थोडं बरंच वाटलं.

पण घरी जाताना बसमध्ये खिडकीशी बसल्यावर ती पेटी काही डोक्यातून जाईना. लाज होतीच, सतरा वर्षांच्या माणसाने पहिल्या महिन्यातली चूक करायची, ती वाटणारच. लाजेच्या खाली मात्र आणखी काहीतरी सलत होतं, चपलेत खडा जावा तसं, आणि ते ऑफिसचं नव्हतं. घरात शिरल्यावर तिने नेहमीप्रमाणे दोन दिवे लावले. एक पुरला असता. नवरा होता तेव्हा दोन लागायचे, तो पलीकडच्या खोलीत वाचत बसायचा. तो गेला त्याला दहा महिने झाले. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. सकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून आकडे बघत होती आणि तो समोर उभा राहून म्हणाला, “मी विचार केलाय. मी वेगळा राहतो.” ती म्हणाली, “हो.” मग तो बराच वेळ काही बोलला नाही म्हणून तिने मान वर केली, तर तो हसत होता. वाईट नाही, दमल्यासारखा हसत होता. “बघ,” तो म्हणाला, “मी दुकानात चाललोय म्हणालो असतो तरी तू हेच म्हणाली असतीस.” आणि ते खरंच होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसात विचारणारं कुणी नव्हतं. बाबांना सांगणं राहून गेलं होतं. आधी योग्य वेळ बघू म्हणून, मग आता एवढे दिवस का नाही सांगितलंस म्हणतील म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात. आत काय आहे ते मूठवाल्यालाच ठाऊक.

बाबांना ती रोज सकाळी पावणेनऊला फोन करायची. बसथांब्यापासून ऑफिसच्या फाटकापर्यंत चालत चार मिनिटं लागत, त्या चार मिनिटांत फोन व्हायचा. आई होती तोपर्यंत फोन आईचा. बाबा मागून कुठूनतरी काहीतरी म्हणत आणि आई ते तिखटमीठ लावून पुढे सारायची, “हे विचारतायत, पाऊस आहे का तिकडे. अगं, पावसाचं निमित्त, तू कशी आहेस ते विचारायचंय.” बाबांच्या एका वाक्यामागे आईची पाच असत, चार फालतू, पण त्या फालतू चारांवरूनच बाबांना काय म्हणायचंय ते कळायचं. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि बापलेकीच्या मधली तार म्हणा, हवा म्हणा, एकदम मोकळी पडली. काय बोलायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मग तिनेच प्रश्न ठरवून टाकले. रात्री जेवलात का. गोळ्या घेतल्यात का. पाय काय म्हणतो. झोप लागली का. मग ते विचारत, तू कशी आहेस. ती म्हणायची, मजेत. ते विचारत, जावई काय म्हणतात. ती म्हणायची, छान, कामात. मग ते म्हणत, छान छान, जपून राहा. फाटक यायचं. ठेवते.

त्या रात्री एक दिवा बंद करून अंथरुणावर पडल्यावर तिने बाबांची उत्तरं एकेक करून आठवून बघितली, शंकासुर आकडे बघतो तशी. हो, जेवलो. हो, घेतल्या. ठीक आहे आता. लागली, लागली. काल तेच, परवा तेच, गेल्या महिन्यात तेच. दीड वर्षात फोनवरून एकही वाईट बातमी नाही. पायाचं दुखणं नाही, शेजाऱ्यांशी कुरबुर नाही, नळाला पाणी आलं नाही हे नाही. आणि आजवर तिला त्याचं समाधान वाटत आलं होतं. दुसऱ्यांच्या पेट्यांत चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःच्या फोनमध्ये एकही चूक नाही याचं समाधान. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पेटी खरंच ऐकतेय की नुसतीच हो म्हणतेय हे बघायचं असेल तर त्यांच्या धंद्यात एक साधी रीत आहे. मुद्दाम चूक पाठवायची. पलीकडे ती पकडली गेली तर ठीक. नाही पकडली, तर समजायचं की आजवरचं एकही शून्य खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरल्यावर तिने फोन लावला. रस्त्यावर नेहमीची गर्दी होती, दुकानांची शटरं वर जात होती. बाबांनी उचलला. “रात्री जेवलात का?” “हो, जेवलो.” आपण हे करतोय ते बरं नाही, असं तिला वाटत होतं आणि तरी तिने विचारलं, “आणि आई जेवली का?”

“हो, घेतल्या,” बाबा म्हणाले.

ती फुटपाथवर थांबली. मागचा माणूस तिच्यावर आदळला, काहीतरी पुटपुटत पुढे गेला. “बाबा, मी आज ऑफिसला उडत चाललेय.” “ठीक आहे आता.” “बाबा, ऐकताय ना?” “लागली, लागली. तू कशी आहेस?” तिने नुसतंच काहीतरी हं केलं, आणि पलीकडून जराही न अडखळता आलं, “जावई काय म्हणतात?”

दिवसभर तिने नव्या चाचणीची मांडणी केली, ती सोय बंद आहे हे चारदा तपासलं, आणि पाचव्यांदा शंकासुराला तपासायला लावलं. “आज माझ्याहून जास्त शंका तुम्हालाच,” तो म्हणाला. ती हसली, पण मनात एकच चाललं होतं. बाबांना झालंय काय? डोक्यावर परिणाम झाला असेल तर? शब्द तेवढे उरलेत, रस्ता पाठ असलेल्या बैलासारखे चालतायत, आणि आत माणूसच नाही? सात महिन्यांपूर्वी ती जाऊन आली होती, एका दिवसासाठी. तेव्हा ते कमी बोलले होते, पण बोलायचे कधी? बाबा बस डेपोत वेळापत्रक बघायचे. कुठली गाडी किती वाजता सुटली, कुठे किती थांबली, कधी परत आली. तीस वर्षं ते आकडे बोलले, घरी येऊन गप्प बसले. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा नंबर तिच्याकडे होता. एक फोन केला असता तर कळलं असतं. पण त्या म्हणाल्या असत्या, अगंबाई, तुला माहीत नाही? हे वाक्य तिला ऐकायचं नव्हतं. संध्याकाळी तिने रजेचा अर्ज टाकला आणि पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलं.

साडेआठ वाजून गेल्यावर ती बाबांच्या जिन्यात पोचली. तिसरा मजला, उजवीकडचं दार. जिन्याला नवा रंग दिला होता, हिरवट, दवाखान्यातला असतो तसा. दाराच्या वरच्या काचेतून आतला दिवा दिसत होता. तिने बेल वाजवली. आत बेल वाजलेली तिला स्पष्ट ऐकू आली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मग दारावर थापा मारल्या, आधी बोटांनी, मग तळहाताने. आत भांड्याचा आवाज झाला, नळ सुरू झाला, बंद झाला, कुणीतरी सपाता ओढत एका खोलीतून दुसरीत गेलं. माणूस दोन हातांवर होता आणि थापांचा त्याच्यावर काही म्हणजे काही परिणाम होत नव्हता. तेव्हा कुठे तिला, सतरा वर्षं कान बनवणाऱ्या बाईला, ती साधी गोष्ट सुचली. डोकं नव्हे, कान! कान गेलेत त्यांचे. ती पायरीवर बसली आणि बसल्या बसल्या तिला हसू यायला लागलं, सुटकेचं, आणि ते पुरतं यायच्या आत रडूही. हातातल्या घड्याळात पावणेनऊ व्हायला दोन मिनिटं होती.

बरोबर पावणेनऊला तिने फोन लावला. का, ते तिला सांगता आलं नसतं. फोन लावल्याशिवाय ते दार उघडणार नव्हते हे खरं, पण फोन लावला म्हणून उघडणार होते असंही नाही. आत खुर्ची सरकली. “हं, बोल पोरी,” बाबांचा आवाज दोनदा आला, एकदा दारातून, एकदा फोनमधून, फोनमधला किंचित मागून. ती बोलेना. ते वाट बघत होते. त्यांना वाट बघायला लावणं तिला अगदीच अघोरी वाटलं म्हणून ती घाईने म्हणाली, “रात्री जेवलात का?” ती थांबताच उत्तर आलं. गोळ्या झाल्या, पाय झाला, झोप झाली. तू कशी आहेस झालं. “जावई काय म्हणतात?”

आणि मग जिन्यात, पायरीवर, गुडघ्यांवर बॅग घेऊन, तिने सगळं सांगून टाकलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला सांगायला कसली भीती! “बाबा, तो नाहीये. दहा महिने झाले, वेगळा राहतो. मी तुमच्याशी रोज खोटं बोलते. तो सांगत होता तेव्हाही मी ऐकलं नाही, आकडे बघत बसले होते. रात्री घरी आले की मी दोन दिवे लावते, बाबा. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, मग मी मुद्दाम दुकानात जाऊन भाव विचारते. तुमच्या फोनशिवाय माझ्याशी रोज बोलणारं कुणी नाही, आणि तोही मी रस्त्यात उरकते. फार एकटं वाटतं हो बाबा. फार म्हणजे फार.” ती थांबली.

“छान छान,” बाबा म्हणाले. “जपून राहा.”

फोन ठेवल्यावर ते नेहमी फिरायला जात असावेत, कारण पाचच मिनिटांत कडी निघाली आणि दार उघडलं. पायात बूट, हातात काठी, आणि समोर पायरीवर मुलगी. बाबांचा चेहरा आधी उजळला, मग पडला. शाळा बुडवून हिंडणारं पोर घरच्यांच्या नजरेला पडावं तसे ते बघत राहिले. तिने स्वतःच्या कानाला हात लावला. त्यांनी मान खाली घातली आणि दारातून बाजूला झाले.

आत टेबलावर फोनशेजारी एक कागद पुठ्ठ्याला चिमटा लावून ठेवलेला होता. डेपोत असायचा तसा, पट्टीने रकाने पाडलेला. पहिल्या रकान्यात तिचे प्रश्न, दुसऱ्यात सेकंद, तिसऱ्यात त्यांची उत्तरं. जेवण, तीन सेकंद, हो जेवलो. गोळ्या, तीन. पाय, चार. “शब्द येत नाहीत,” बाबा म्हणाले. बहिऱ्या माणसांचा असतो तसा त्यांचा आवाज आता खोलीला मोठा झाला होता. “पावणेनऊला फोन हातात धरून बसतो, थरथरला की उचलतो. कुणीतरी बोलतंय एवढं येतं. सुरू झालं, थांबलं. थांबलं की मी बोलतो. तुझा क्रम कधी चुकत नाही, ते एक बरं.” ती ओरडून म्हणाली, “डॉक्टर?” त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं. “दाखवलं. यंत्र दिलंय, त्यात शिट्ट्याच वाजतात.” “मग मला का नाही सांगितलंत?”

ते खुर्चीत बसले, बूट न काढताच. “सांगितलं असतं तर तू मेसेज पाठवायला लागली असतीस. जेवलात का. मी लिहिणार, हो. तुझा तेवढाच वेळ वाचला असता.” हे तक्रारीच्या सुरात नव्हतं. ते गाडीची वेळ सांगावी तसं सांगत होते. कळल्याच्या त्याच दिवशी तिने तेच केलं असतं.

बाबांनी चष्मा लावला आणि पुठ्ठा पुढे ओढून एका ओळीवर नख ठेवलं. जावई. पुढच्या रकान्यात अकरा होते, ते खोडून सहा, ते खोडून दोन. दोनपाशी शेजारी बारीक अक्षरात तारीख. “हे बघ. आधी अकरा सेकंद बोलायचीस त्यांच्याबद्दल. मग सहा. गेल्या वर्षी एकदम दोनवर आलं. डेपोत गाडी वेळेआधी आली की ड्रायव्हर सांगायचा, रस्ता मोकळा होता. तसं कधी नसतं. मधले थांबे घेतलेले नसतात.” त्यांनी तिच्याकडे बघितलं. “आणि आज सव्वा मिनिट बोललीस. काय झालंय?”

“तो मला सोडून गेला,” ती म्हणाली. त्यांनी हात कानामागे नेला. “तो मला सोडून गेला, बाबा.” त्यांचे डोळे तिच्या ओठांवर होते, कपाळाला आठ्या, अर्धंच हाताला लागलेलं. जी गोष्ट दहा महिन्यांत ती आरशालाही पुटपुटली नव्हती, ती तिने तिसऱ्यांदा छाती फुटेस्तोवर ओरडून सांगितली. दार उघडंच होतं. शब्द हिरव्या जिन्यातून तळमजल्यापर्यंत गेले असणार, आणि खालच्या बाईंचं दार उघडल्याचा आवाजही आला.

“कळलं,” बाबा म्हणाले. त्यांनी तिचा हात धरला. धरायची सवय नसल्यामुळे मनगटापाशी धरला, नाडी बघतात तसा. “मी विचारणार होतो. कितीदा तोंडाशी यायचं. पण तू इतकं खरं सांगितलं असतंस, आणि मला ऐकूच आलं नसतं. मी आपलं छान छान म्हणून बसलो असतो.”

मघाच्या फोनबद्दल तिने त्यांना काही सांगितलं नाही. खाली वाकून ती त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.